तुझा ग्राफ फार गुळगुळीत आहे गं

चॅप्टर वाचला तुझा. आधी कौतुक करून घेते, नाहीतर पुढचं तू ऐकणार नाहीस. कल्पना खरंच चांगली आहे. प्रत्येक राउटर आपल्या लिंकांवर किती भार आहे ते बघतो, शेजाऱ्यांकडून थोडंफार ऐकतो आणि कुठल्या वाटेने किती ट्रॅफिक सोडायचा ते आपलं आपण ठरवतो; वर हुकूम देणारा कोणी नाही. गणितही नेटकं मांडलंयस. मग मूल्यमापनाचा भाग आला आणि मी तिथे अडकले. तुझा मुख्य ग्राफ बघ: नेटवर्कमधल्या सगळ्यात जास्त भरलेल्या लिंकचा वापर. रेघ झरझर खाली येते, आदर्श उत्तराला टेकते आणि पुढे तिथेच पडून राहते. इतकी शहाणी रेघ खऱ्या नेटवर्कमध्ये मी तरी पाहिली नाही गं.

लगेच तोंड पाडू नकोस. तू दाखवलंयस ते खरं आहे, फक्त ते फार थोडं आहे. मागणी जागची हलली नाही, एकही लिंक तुटली नाही, एकही निरोप उशिरा पोचला नाही आणि सगळे राउटर एकाच ठोक्याला पाऊल टाकत राहिले, तर तुझी पद्धत शेवटी योग्य जागी पोचते. त्या रेघेतून एवढंच कळतं. पण निर्णय असे विखुरलेले असले की ‘शेवटी’ नावाची वेळ येतच नाही. एका बदलाचा परिणाम निवतोय तोवर दुसरा बदल दारात उभा असतो. त्यामुळे परीक्षक तुला विचारणार ते मधल्या वेळाबद्दल. किती वेळ गेला, त्या वेळात काय बिघडलं, आणि कोणाच्या पॅकेटांनी ते सोसलं.

अर्पानेटची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण परीक्षेपुरती. जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या विषयाचं सगळं दुखणं त्यात आहे.

१९७९ मध्ये अर्पानेटवर नवी राउटिंग पद्धत बसवली. बीबीएन कंपनीतले मॅक्विलन, रिचर आणि रोझेन यांनी १९८० मध्ये त्यावर पेपर लिहिला. प्रत्येक नोडने आपल्या लिंकवर पॅकेटांना प्रत्यक्ष किती विलंब होतो ते मोजायचं, दहा सेकंदांची सरासरी काढायची आणि आकडा बराच बदलला असेल तर सगळ्या नेटवर्कला कळवायचा. मग ज्याने त्याने त्या आकड्यांवरून सगळ्यात कमी विलंबाची वाट काढायची. आता सांग, यात नावं ठेवण्यासारखं काय आहे? मोजलेला आकडा खरा, हिशेब बरोबर, आणि काम सगळ्यांमध्ये वाटलेलं.

भार हलका होता तोवर चाललंही छान. मग ट्रॅफिक वाढला. समज, नेटवर्कचे दोन भाग आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या दोनच लिंक्स. पहिली भरली, तिचा विलंब वाढला, तशी बातमी सगळीकडे गेली आणि सगळे एकदम दुसरीवर. थोड्या वेळाने दुसरी तुंबलेली, पहिली रिकामी. परत बातमी, परत सगळे पहिलीवर. बोरघाटात एक्स्प्रेसवे जाम आहे असं कळल्यावर झाडून सगळ्या गाड्या जुन्या हायवेला वळतात, आणि तासाभराने जुना हायवे ठप्प नि एक्स्प्रेसवे मोकळा, तसलाच प्रकार. कोणाचाच निर्णय चुकीचा नव्हता. बातमी मात्र शिळी होती, आणि एकाच शिळ्या बातमीवर सगळे एकाच वेळी एकसारखे वागत होते. परिणाम असा, की ट्रॅफिक सगळ्यात जास्त असतानाच निम्मी क्षमता आळीपाळीने वाया जायची.

त्यात आकड्यांची तफावत अफाट. त्या काळी काही लाइन्स सेकंदाला ९.६ किलोबिटच्या होत्या, काही ५६ किलोबिटच्या. ९.६ वाली पूर्ण भरली, की ती मोकळ्या ५६ वालीच्या १२७ पट महाग दिसायची. म्हणजे ती एक लिंक टाळण्यासाठी पॅकेट अख्ख्या देशाला वळसा घालायला तयार. तो वळसा घालताना ते बाकीच्या लिंकांवरही भार टाकत जाणार, हे वेगळं.

यावरचा उपाय १९८७ मध्ये बसवला गेला. अतुल खन्ना आणि जॉन झिंकी यांनी १९८९ च्या सिगकॉम परिषदेत तो मांडला. सगळ्यात कमी खर्चाची वाट काढण्याच्या अल्गोरिदमला त्यांनी हातच लावला नाही. बदललं ते लिंकचा खर्च ठरवण्याचं सूत्र. लिंक निम्मी भरेपर्यंत खर्च हलतच नाही. पुढे वाढतो तो आधीच्या आकड्याशी सरासरी करून, आणि एका वेळी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नाही. कितीही भरली तरी लिंक मोकळी असतानाच्या तिपटीहून महाग दिसणार नाही, आणि नेटवर्कमधली सगळ्यात महाग लिंक सगळ्यात स्वस्त लिंकच्या सातपटीपलीकडे जाणार नाही. याचा अर्थ काय, तर लिंक भरली की सगळे पळत नाहीत. ज्यांना पर्यायी वाट थोड्याच वळशाची आहे तेवढेच बाजूला होतात, बाकीचे राहतात.

तुझ्या कामाचा भाग यापुढे आहे. त्यांनी मूल्यमापन कसं केलं ते बघ. आधी त्यांनी दोन प्रश्न वेगळे काढले. लिंकचा खर्च इतका वाढला तर किती ट्रॅफिक तिला सोडून जाईल? आणि लिंकवर इतका ट्रॅफिक असला तर तिचा खर्च किती दिसेल? दोन्ही रेषा एकाच कागदावर काढल्या. त्या छेदतात तिथे समतोल. आणि रेषांच्या चढावरून कळतं, की नेटवर्क त्या बिंदूवर स्थिरावेल की त्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खात राहील. सिम्युलेटर सुरू करण्याआधी, कागदावरच! तुझ्या पद्धतीसाठी असा ग्राफ काढायला तुला एक संध्याकाळ लागेल, आणि परीक्षकांचे अर्धे प्रश्न तिथेच मिटतील.

मग नवं सूत्र चालत्या नेटवर्कवर बसवलं आणि आधीचे-नंतरचे आकडे ताडून पाहिले. दरम्यान ट्रॅफिक दहा टक्क्यांहून जास्त वाढला होता, तरी पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला, आणि गळणारी पॅकेटंही कमी झाली. आधी-नंतरच्या तुलनेवर माझा एरवी फार विश्वास नाही. मधल्या काळात कोणी नवी लाइन टाकली, कोणाची सुट्टी लागली, काहीही होऊ शकतं. पण इथे भार वाढूनही विलंब घटला, म्हणजे आकडे सोयीच्या दिशेने वाहत गेलेले नाहीत. म्हणून ही तुलना मला पटते.

आता तुझ्या सिम्युलेशनकडे. तुझे सगळे राउटर दर सेकंदाला, एकाच क्षणी निर्णय घेतात. का? कारण कोडमध्ये तेच सोपं पडतं, हो ना? कोणी विचारलं तर तू म्हणणार, खऱ्या जगात घड्याळं मागेपुढे असतात, त्यामुळे तिथे माझी पद्धत आणखी चांगली चालेल. तसं म्हणू नकोस. सॅली फ्लॉईड आणि व्हॅन जेकबसन यांचा १९९३ चा पेपर वाच. मे १९९२ मध्ये त्यांनी बर्कलीहून एमआयटीला दर सेकंदाला एक अशी हजार पॅकेटं पाठवून पाहिली. पॅकेटं हरवत होती, पण वाटेल तेव्हा नव्हे. दर ९० सेकंदांनी. वाटेतल्या एका नेटवर्कचे राउटर बरोबर तेवढ्याच अंतराने एकमेकांना आपले तक्ते पाठवत होते, आणि त्या कामात असताना पॅकेटं पुढे ढकलायला त्यांना फुरसत नव्हती. सगळ्यांनी एकाच वेळी बोलावं असं कोणी ठरवलं नव्हतं. फ्लॉईड-जेकबसन यांनी दाखवलं, की वेगवेगळ्या वेळी सुरू झालेले राउटरसुद्धा एकमेकांच्या निरोपांमुळे थोडे थोडे सरकत आपोआप एका तालात येऊ शकतात, आणि एकदा आले की सहजी सुटत नाहीत. उपाय काय, तर वेळ मुद्दाम मागेपुढे करायची, आणि तीही चिमूटभर नव्हे, चांगली सढळ हाताने.

म्हणून तू तिन्ही करून बघ: सगळे एकदम, सगळे आपापल्या वेळी, आणि वेगवेगळ्या वेळी सुरू होऊन हळूहळू काय होतं ते. तिसऱ्यात गंमत सापडेल असं मला वाटतं.

सॅली फ्लॉईड या बाईंचं काम वाचताना मला नेहमी बरं वाटतं, हे जाता जाता सांगते. व्हर्न पॅक्सन यांच्याबरोबर त्यांनी इंटरनेटचं सिम्युलेशन करणं इतकं अवघड का, यावर लिहिलंय. इतक्या सरळ भाषेत आपल्या क्षेत्राच्या मर्यादा सांगणारी माणसं कमीच. तुझ्या लॅबमध्ये सगळी पोरं मोठ्या आवाजात बोलतात म्हणालीस ना? हे पेपर वाचून जा आणि शांतपणे प्रश्न विचार.

आता तुलनेबद्दल. तू तुझी पद्धत कोणाशी लावलीस? सगळ्या लिंकांना खर्च एक, आणि सगळ्यात कमी टप्प्यांची वाट. अगं, ती हरणारच! तिला हरवून काय सिद्ध होतं? निदान ओएसपीएफ घे, म्हणजे लिंकांच्या खर्चांवरून सगळ्यात स्वस्त वाट काढणारी राउटिंग पद्धत, आणि खर्च क्षमतेच्या व्यस्त प्रमाणात ठेव; सिस्कोने सुचवलेली ती नेहमीची मांडणी, आणि निम्म्या जगात तीच चालते. खरा प्रतिस्पर्धी त्याच्याही पुढचा आहे. बर्नार्ड फोर्ट्झ आणि मिकेल थोरुप यांनी २००० मध्ये दाखवलं, की ओएसपीएफचे खर्च सर्वोत्तम ठरवणं हा प्रश्न गणिती दृष्टीने अवघड असला, तरी चाचपडत सुधारणा करत गेलं तर एटी अँड टीच्या नियोजित नेटवर्कवर आदर्शाच्या काही टक्के जवळ जाता येतं. म्हणजे एकदा बसून शांतपणे खर्च ठरवले, राउटरमध्ये टाकले आणि विसरून गेलं, तरी काम भागतं. तुझ्या सतत धडपडणाऱ्या पद्धतीने या आळशी पद्धतीपेक्षा काय जास्त दिलं? हा प्रश्न तू स्वतः विचार, दुसऱ्याने विचारायच्या आत. मागणी ठाऊक नसतानाच वाटा कायमच्या वाटून ठेवायच्या, अशीही एक शाखा आहे. डेव्हिड ॲपलगेट आणि एडिथ कोहेन यांचा २००३ चा पेपर बघ. तीही अपेक्षेपेक्षा बरीच बरी निघते, त्यामुळे तिलाही तुझ्या तक्त्यात एक ओळ दे.

आणि सगळ्यात भरलेल्या लिंकचा वापर हे एकच माप धरून बसू नकोस. समज, एखाद्या गावाला एकच लिंक जाते आणि तीच सगळ्यात भरलेली आहे. कुठलीही पद्धत आण, तो ट्रॅफिक त्याच लिंकने जाणार. तुझ्या ग्राफमध्ये सगळ्या पद्धती एकसारख्या दिसतील आणि बाकीच्या नेटवर्कात काय घडलं ते कळणारच नाही. दुसरं म्हणजे, ३० टक्के आणि ३५ टक्के यांतला फरक वापरणाऱ्याला जाणवत नाही. ८५ आणि ९५ मधला जाणवतो, कारण रांगा तिथे वाढतात. फोर्ट्झ-थोरुप यांनी म्हणूनच खर्चाची रेषा तुकड्यातुकड्यांची घेतली: एक तृतीयांशापर्यंत हलका चढ, पुढे जरा जास्त, नऊ दशांश ओलांडल्यावर कडाच. प्रत्येक लिंकला तो खर्च लावायचा आणि बेरीज करायची. तुला हे फुकट मिळतंय, घे.

तिसरी गोष्ट वळशाची. भार कमी करायला तू ट्रॅफिक लांबच्या वाटेने पाठवतेस, पण ती वाट किती लांब हे कुठेच लिहिलं नाहीस. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, त्यापेक्षा घाई कोणालाच करता येत नाही. मुंबई-दिल्ली ट्रॅफिक कोलकात्यावरून फिरवलास, तर लिंकवरचा भार छान दिसेल आणि फोनवर बोलणारा माणूस वैतागेल. ही कल्पनेतली भीती नाही. एमपीएलएसमध्ये ट्रॅफिक आखून दिलेल्या वाटांनी, म्हणजे बोगद्यांनी, जातो; प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी असलेला राउटर ट्रॅफिक बघून आपलं आरक्षण वाढवतो-घटवतो आणि जागा मिळेल ती वाट धरतो. ही तुझ्याच जातीची विखुरलेली पद्धत, आणि ती वर्षानुवर्षं वापरात आहे. २०११ मध्ये पर्ड्यू विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या मंडळींनी एका मोठ्या चालू नेटवर्कवर हेच तपासलं आणि दाखवलं, की जवळची वाट भरली की बोगदे लांबच्या वाटेवर सरकतात आणि विलंब फुगतो. क्षमतेचा हिशेब बरोबर, विलंबाचा कोणी केलाच नव्हता.

डेटाबद्दल मी जरा खडसावणार आहे. तू अबिलीन घेतलंस. चांगलं आहे, सगळेच घेतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांचं नेटवर्क, सिएटलपासून अटलांटापर्यंत ११ ठिकाणं, आणि २००४ सालचे कुठून कुठे किती ट्रॅफिक गेला याचे पाच-पाच मिनिटांचे तक्ते. पण तुझी पद्धत निर्णय घेते दर सेकंदाला! पाच मिनिटं तुझ्या सिम्युलेटरमध्ये मागणी जागची हलत नाही, म्हणजे प्रत्येक तक्त्यामागे तीनशे निर्णय तू गोठलेल्या जगात घेतेस. मग ती स्थिरावणार नाही तर काय करणार? युरोपातल्या जिऑन नेटवर्कचे तक्ते घेतलेस तर आणखी वाईट, ते पंधरा मिनिटांचे आहेत. खरा ट्रॅफिक तर उसळत राहतो. बेलकोरच्या लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथरनेटवर मोजून दाखवलं, की सेकंदाच्या तुकड्यात बघा, मिनिटाच्या बघा, उसळ्या तशाच राहतात. सरासरी घेतल्याने त्या हव्या तशा विरून जात नाहीत. तेव्हा पाच मिनिटांच्या आकड्यांच्या आत तू स्वतः उसळी घाल, कशी घातलीस ते लिही, आणि कमी-जास्त करून दाखव.

शिवाय अबिलीनवर मुळात गर्दीच नव्हती. बहुतेक लिंक्स दहा गिगाबिटच्या आणि भार बेताचा. तू सगळ्या मागण्यांना एका आकड्याने गुणून गर्दी केलीस, ते ठीक. पण तो आकडा तळटीपेत लपवलास. वर आण. एकाच गुणकावर थांबू नकोस, गुणक वाढवत जा आणि कुठल्या बिंदूला तुझी पद्धत डगमगते ते दाखव. रॉकेटफ्युएल किंवा टॉपॉलॉजी झू यांतले नकाशे घेतलेस, तर त्यांत लिंकांच्या क्षमता बहुतेक नसतातच, आपल्याला गृहीत धराव्या लागतात. तू सगळ्या सारख्या धरल्यास. धर, पण एकदा वेगळ्या धरूनही बघ.

अजून एक. तुझ्या ग्राफमध्ये सुरुवातीला एका लिंकचा वापर ११२ टक्के दाखवलाय. बाई गं, लिंकमध्ये ११२ टक्के मावत नाहीत! पॅकेटं गळतात, टीसीपीला ते कळतं, तो वेग कमी करतो, आणि मग राउटरला मागणी कमी झाल्यासारखी दिसते. म्हणजे तुझी पद्धत ज्या मोजमापावर निर्णय घेते ते मोजमापच गर्दीमुळे बदललेलं असतं. पूर्ण काम नाही तरी एक छोटा प्रयोग टीसीपीसकट कर, एनएस-३ सिम्युलेटरमध्ये होतो. त्यातच बघ, की एकाच संभाषणाची पॅकेटं दोन वाटांनी गेली की क्रम बिघडतो का. बिघडला तर टीसीपी उगाच मागे सरतो. कंडुला आणि कताबी यांनी २००७ मध्ये यावर छान तोडगा सांगितलाय: संभाषणात पुरेशी लांब उसंत आली की तेवढ्यात वाट बदलायची.

लिंक तुटण्याचा प्रयोग तू केलायस, पण एका वेळी एकच लिंक तोडून. ३० जानेवारी २००८ आठवतो का? तू लहान होतीस. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबली तुटल्या, सी-मी-वी-४ आणि फ्लॅग, आणि भारताचा पश्चिमेकडे जाणारा बराच ट्रॅफिक एका दिवसात पूर्वेकडून वळवावा लागला. नकाशावर त्या दोन वेगळ्या रेघा. प्रत्यक्षात दोघी एकाच अरुंद वाटेने जाणाऱ्या. आपल्याकडे रस्ता खोदताना एका चरातले सगळे तंतू एकाच फावड्याने तुटतात, तेही असंच. म्हणून लिंक्स जोडीने तोड, आणि तुटल्यानंतरचं पहिलं मिनिट मोठं करून दाखव. त्या मिनिटात कोणाला अजून बातमीच कळलेली नसते, कोणाला कळलेली असते, आणि दोघांच्या निर्णयांचा मेळ बसत नाही. मधल्या काळात पॅकेटं दोन राउटरांत गोल फिरत राहिली का, तेही मोज.

व्हायव्हात हा प्रश्न येणारच: मग मधोमध एक कंट्रोलर बसवून सगळा हिशेब तिथेच का करत नाही? २०१३ मध्ये अशाच मधल्या कंट्रोलरचे दोन मोठे पेपर आले, गूगलचा बी-फोर आणि मायक्रोसॉफ्टचा स्वॉन. विलंब फुगल्याचं दाखवून दोनच वर्षं झाली होती, आणि आता स्वॉनमध्ये मायक्रोसॉफ्टवाले म्हणाले, की विखुरलेल्या पद्धतीत बोगदे ज्या क्रमाने येतात त्यावर सगळं अवलंबून राहतं. क्रम वेगळा असता तर त्याच नेटवर्कमध्ये सगळे आखूड वाटांवर मावले असते. हे तू चटकन तपासू शकतेस, मागण्या वेगवेगळ्या क्रमाने सोडून. बी-फोरवाले म्हणाले, आमच्या काही लिंक्स जवळजवळ शंभर टक्के भरलेल्या चालतात आणि सरासरी वापर सत्तर टक्क्यांच्या घरात आहे. हा आकडा बघून घाबरू नकोस. त्यांच्या डेटा सेंटरांमधली कॉपीची मोठाली कामं थोडा वेळ थांबू शकतात, आणि काय कधी पाठवायचं हेही त्यांच्याच हातात. तुझ्या नेटवर्कवरच्या लोकांना थांब म्हणता येत नाही.

पण केंद्राशी तुलना करताना केंद्रालाही वेळ लागतो हे विसरू नकोस. तू आदर्श उत्तर म्हणून जी रेघ काढलीस, ती कोणालाही प्रत्यक्षात मिळत नाही. कंट्रोलरला आकडे गोळा करायचे असतात, हिशेब करायचा असतो, उत्तर राउटरांपर्यंत पोचवायचं असतं, आणि एखाद्या दिवशी त्याच्यापर्यंतची वाटच तुटते. हा सगळा उशीर त्याच्या खाती टाक आणि मग तुझी रेघ शेजारी ठेव. २०२४ च्या सिगकॉममध्ये गूगल आणि बर्कलीच्या मंडळींनी परत विखुरलेल्या बाजूने मांडणी केलीय: सगळ्या नेटवर्कचं चित्र सगळ्यांना द्यायचं आणि हिशेब प्रत्येक राउटरने स्वतः करायचा. तुझा विषय जुना झालाय म्हणणाऱ्या त्या सिनियरला हा पेपर पाठव.

निष्कर्ष लिहिताना कंडुला-कताबी मंडळींचाच २००५ चा टेक्सीपी पेपर उघडून ठेव; तीही तुझ्यासारखी विखुरलेली पद्धत. त्यांनी काय म्हटलं बघ: नेहमीच्या आखीव पद्धतीइतकीच कामगिरी आणि बिघाड झेलायची ताकद, पण निम्म्या किंवा एक तृतीयांश क्षमतेत. नेटवर्क चालवणाऱ्याला हे लगेच कळतं, कारण क्षमता म्हणजे त्याचे पैसे. ‘कमाल वापरात लक्षणीय घट’ असं तुझं वाक्य आहे, ते मला कळतं. बिल भरणाऱ्याला नाही कळत.

हे सगळं एका महिन्यात होणार नाही, मला माहीत आहे. सरांकडे नुसती यादी घेऊन जाऊ नकोस, ते वैतागतील. आधी दोन प्रयोग कर: राउटरांच्या वेळा मागेपुढे करून, आणि लिंक्स जोडीने तोडून. रेघ वेडीवाकडी आली तर तीच घेऊन जा. वाकडी का झाली ते तुला सांगता आलं, तर सर वेळ वाढवून देतील. माझा अनुभव तरी तसा आहे. सबमिशन पुढच्या सत्रावर गेलं, तर आईशी मी बोलते. तू फक्त तिला आधी काही सांगू नकोस.